थोरा बाकुम यांचे पंच्याऐंशी टक्के

बुधवार, पहाटेचे तीन चाळीस. टॅमरॅक बेट आणि पलीकडचं हार्कनेस गाव यांच्यामधल्या गोठलेल्या पाण्यावर थोरा बाकुम गुडघे टेकून बसल्या होत्या. हाताने फिरवायचा गिरमिट बाजूला पडला होता. भोकात वर आलेल्या पाण्यात त्यांनी तळाशी लोखंडी आकडा असलेली मापाची पट्टी सोडली, आकडा बर्फाच्या खालच्या कडेला अडकवला आणि विजेरीच्या उजेडात माप वाचलं.

"एकोणतीस."

वहीत त्यांनी ते पेन्सिलीने लिहिलं. पारा शून्याखाली अकरावर होता आणि अशा थंडीत पेनातली शाई उतरत नाही. मग त्या उठल्या, गिरमिट खांद्यावर टाकला आणि पुढच्या भोकासाठी पाचशे पावलं चालल्या. त्यांचं वय एकाहत्तर. हा क्रम गेली तेहतीस वर्षं, रस्ता असेल त्या प्रत्येक दिवशी.

रस्ता म्हणजे लेक सुपीरियरवरचा बर्फच. जानेवारीत सरोवराचा हा अडीच मैलांचा पट्टा घट्ट गोठला की फेरीबोट थांबते आणि लोक गाड्या थेट पाण्यावर घालतात. घरोघरचे जुने ख्रिसमस वृक्ष बर्फात रोवून रस्त्याची कड दाखवली जाते. गाडीच्या काचा खाली आणि सीटबेल्ट सोडलेला, हे बेटावरच्या दोनशे तीस माणसांना चालायला लागण्याआधी शिकवतात.

त्या सकाळी थोराबाईंनी अकरा भोकं पाडली. दहा ठिकाणी अठ्ठावीस ते तीस इंच, बेटाच्या टोकाजवळ प्रवाह आहे तिथे सव्वीस. सात वाजता त्या बेटावरच्या एकुलत्या एका दुकानात शिरल्या आणि दाराजवळच्या फळ्यावर अकरा आकडे लिहिले. दुकानात कॉफी उकळत होती आणि कोणीतरी व्हाइटफिशची कलेजी कांद्यावर परतत होतं.

"आलं भविष्य," गॉर्डन रॉय म्हणाला. गॉर्डन थोराबाईंच्याच वयाचा, इथल्या मूळनिवासी ओजिब्वे कुटुंबातला. बर्फ धड पाणीही नसतो आणि धड रस्ताही नसतो, त्या दिवसांत मागे विमानाचे पंखे लावलेली चपटी होडी चालवून तो शाळेची मुलं पलीकडे पोचवतो. "थोरा, माझी बायको आज माझ्याशी बोलेल का?"

"चाळीस टक्के."

"आणि मी आधी बोललो तर?"

"वीस."

दुकान हसलं. गॉर्डनही हसला.

टक्क्यांची ही भाषा बेटावर थोराबाईंनी आणली. त्यांचे वडील ओडिन बाकुम मासेमार होते. थोरा अकरा वर्षांची असताना तिचा काका नेल्स याचा ट्रक किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बर्फातून खाली गेला. काका दाढीला बर्फाच्या लोंब्या लटकवत बाहेर आला, ट्रक मात्र अजून तळाशी आहे. बेटावर निकाल लागला तो असा: नेल्सने हळू चालवलं. पातळ बर्फावरून भरधाव निघून जायचं, म्हणजे त्याला फुटायला वेळच मिळत नाही, हे इथे तीन पिढ्या सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी थोरा वडिलांची पट्टी घेऊन त्या भगदाडापाशी गेली. बर्फ बावीस इंच जाड भरला. बावीस इंचांवरून तसे दोन ट्रक जातात. मग हा एक का बुडाला, हे तिने वडिलांना विचारलं, पाद्रीबाबांना विचारलं, शाळेत विचारलं. उत्तर शोधायला तिला बारा वर्षं लागली, आणि ते मॅडिसनच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सापडलं. डॉक्टरेट त्याच्याच आसपासच्या विषयावर झाली. पुढची बारा वर्षं शिकागोजवळच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा त्या परत आल्या आणि हार्कनेसच्या छोट्या कॉलेजात शिकवू लागल्या. वडील सहा वर्षांनी गेले. त्या इथेच राहिल्या.

त्यांच्या भविष्य सांगण्याची सुरुवात एका रिकाम्या जागेतून झाली. हार्कनेसच्या साप्ताहिकात राशिभविष्य लिहिणाऱ्या बाई ॲरिझोनाला मुलीकडे राहायला गेल्या. संपादकाने थोराबाईंना फोन केला.

"डॉक, दोनशे शब्दांची जागा आहे. पुढचं काय ते सांगायचं. तुम्हाला येतं ना?"

"येतं. पण माझं चुकलं तर तेही छापायचं."

"राशीवाल्या बाईंचं वीस वर्षांत एकदाही चुकलं नाही."

"म्हणूनच."

तेव्हापासून दर आठवड्याला त्या जागेत एक भाकीत येतं. त्याच्यापुढे टक्के, खाली त्यामागचं विज्ञान, तेही फेरीबोटीवर उभ्याने वाचून कळेल असं. कधी भाकीत पुढच्या आठवड्याच्या वाऱ्याचं असतं, कधी पुढच्या वीस वर्षांच्या जगाचं. खिशातला फोन हाच कॅमेरा, नकाशा आणि टपाल होईल, हे त्यांनी लोक फोनच्या तारेत पाय अडकून पडत होते तेव्हा लिहिलं. सूर्यापासून घरात वीज घेणं डिझेलपेक्षा स्वस्त पडेल, हेही लिहिलं. आणि दोन हजार दहापर्यंत बेटावर पेट्रोलची एकही गाडी उरणार नाही, हे साठ टक्क्यांनी लिहिलं. ते साफ चुकलं. हे साप्ताहिक दोन हजार पंधरापर्यंत बंद पडेल, सत्तर टक्के, असंही एकदा लिहिलं. तो अंक संपादकाने चौकट करून आपल्या खुर्चीमागे टांगला आहे.

चुकलेल्या भाकितांची यादी दुकानात गळाच्या आमिषांच्या फ्रीजवर लावलेली असते, ठळक अक्षरांत, जाणूनबुजून. बरोबर आलेल्यांची यादी ग्रंथालयात आहे, मागितली तर मिळते. ग्रंथपालाने गेल्या आठवड्यात दोन्ही एकत्र करून मोजणी केली. 'सत्तर टक्के' म्हटलेली भाकितं आजवर चारशे बारा. त्यांतली खरी ठरली दोनशे नव्वद. म्हणजे सत्तर टक्क्यांना अगदी थोडी जास्त. या बाई सत्तर म्हणतात तेव्हा ते सत्तरच असतात. आपल्याला किती ठाऊक आहे हे इतकं नेमकं ठाऊक असणारं दुसरं माणूस बेटावर कुणाच्या पाहण्यात नाही. पाहुण्यांना हा आकडा सांगितल्याशिवाय इथला कोणी राहत नाही.

एक भाकीत मात्र कोणी सांगत नाही. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी लिहिलं होतं: माझ्या हयातीत असा एक हिवाळा येईल की बर्फाचा रस्ता होणारच नाही, ऐंशी टक्के. लोक चिडले होते. दोन वर्षांपूर्वी तो हिवाळा आला. फेरी हिवाळाभर चालत राहिली. थोराबाईंनी ते वाक्य बरोबरच्या यादीत घातलं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

बुधवारी सकाळी दुकानात सगळ्यांच्या डोक्यात हेच होतं. कारण रेनी.

रेनी दुफो ही गॉर्डनची भाची, बेटावरच्या दवाखान्यात परिचारिका. नवरा गेल्यापासून ती दोन मुलींना घेऊन मामाच्या होड्यांच्या शेडमध्ये राहते. कर्ज काढून तिने कारखान्यात तयार होणारं घर घेतलं: चौदा फूट रुंद, अठ्ठेचाळीस फूट लांब, अख्खंच्या अख्खं ट्रकच्या मागे येणारं. फेरीच्या डेकवर ते बसत नाही. ते येणार बर्फावरूनच. कारखान्याने ते फेब्रुवारीच्या मध्यात द्यायचं कबूल केलं होतं, दिलं मार्चमध्ये. आता ते हार्कनेसच्या धक्क्यावर उभं होतं आणि शुक्रवारपासून पाऊस सांगितला होता. या आठवड्यात आलं तर आलं, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात. आणि पुढच्या हिवाळ्यात रस्ता होण्याची शक्यता थोराबाईंनी ऑक्टोबरातच छापली होती, पंचावन्न टक्के.

घर ओढून आणणार होता लायल हौगेन. चोपन्न वर्षांचा, या किनाऱ्यावरचा सर्वांत अनुभवी ट्रकवाला. त्याने फळ्यावरचे आकडे पाहिले.

"सव्वीस म्हणजे त्या टोकापाशी थोडं दाबून जावं लागेल. तीस मैलांनी निघतो, टोकाशी चाळीसवर नेतो. बर्फाला कळायच्या आत पार."

"लायल, तू माझ्या वर्गात दोनदा बसलास," थोराबाई म्हणाल्या.

"तीनदा, डॉक. दोनदा नापास झालो."

"मग आज चौथ्यांदा बस."

त्यांनी दुकानातली मासे धुण्याची उथळ परात मागून घेतली, तीत चार बोटं पाणी घातलं आणि वर मासे गुंडाळायचा पातळ प्लास्टिकचा कागद पसरला. एक चमचा पालथा धरून त्या कागदावरून सावकाश सरकवला. कागद जरासा दबला, इतकंच. मग थोडा वेगाने. चमच्यापुढे एक वळी उठली आणि चमच्याबरोबर पळू लागली. परातीच्या कडेशी पोचेपर्यंत तिने कागद उलटवला आणि गॉर्डनच्या बाहीवर पाणी उडालं.

"गाडी बर्फाला दाबते तेव्हा खालचं पाणी हलतं. त्याची लाट होते. तू हळू गेलास तर लाट पुढे निघून जाते, विरते. तू लाटेच्याच वेगाने गेलास तर ती तुझ्याखालीच वाढत राहते. पाणी जितकं उथळ तितकी लाट हळू. टोकापाशी आणि किनाऱ्याजवळ पाणी दहा फूट. तिथे सर्वांत वाईट वेग ताशी बारा मैलांच्या आसपास. तू चाळीसवरून किनाऱ्यावर चढताना बारावर येणारच, आणि मागून तुझीच लाट येऊन तुला भेटणार. नेल्सकाकांना भेटली तशी."

"माझा बाप असाच जायचा."

"तुझ्या बापाकडे अठ्ठेचाळीस फुटांचं घर नव्हतं."

लायलने परातीकडे पाहिलं. मग त्याने स्वतः चमचा हातात घेतला, आधी हळू, मग जोरात. तिसऱ्यांदा पाणी त्याच्याच मांडीवर सांडलं.

तेवढ्यात रेनी आली. रात्रपाळी संपवून, कोटाखाली दवाखान्याचे कपडे. तिने कोणाकडे न पाहता थेट विचारलं, "डॉक, किती?"

"लायलच्या वेगाने साठ. माझ्या वेगाने पंच्याऐंशी. उद्या सकाळी, उजाडायच्या आत. रात्रीच्या थंडीने बर्फ तेव्हा सगळ्यांत कडक असतो."

"आणि उरलेले पंधरा?"

"बारा म्हणजे मध्येच चाक रुतणं किंवा अर्ध्यातून परत फिरणं. घर शाबूत, पण हार्कनेसलाच. तीन म्हणजे गाडी आत."

"त्या तिनात लायल आहे."

"मीही आहे," थोराबाई म्हणाल्या. "मी ट्रकच्या पुढे चालणार. मला ओलांडता येणार नाही, म्हणजे याला वेगही वाढवता येणार नाही."

"अडीच मैल?" गॉर्डन म्हणाला. "या वयात?"

"रोज पाच होतात माझे. जाऊन येऊन."

रेनीने लायलकडे पाहिलं. "तू सांग. ट्रक तुझा, जीव तुझा."

लायल पँटवरचं पाणी झटकत उठला. "मी सत्तर म्हणालो असतो. पण माझ्या सत्तराची कोणी मोजणी केलेली नाही." मग थोराबाईंकडे वळून, "डॉक, चाल जरा बरी ठेवा. मला गाडीत झोप लागायची."

"तू झोपलास तर दहा टक्के कमी."

रेनीने फळ्यावरचे अकरा आकडे वरून खाली वाचले. मग म्हणाली, "आणा."

गुरुवारी सहा वाजून दहा मिनिटांनी ट्रक हार्कनेसचा उतार उतरून बर्फावर आला. ट्रकची दारं दोरीने उघडी बांधली होती. पुढे पंचवीस पावलांवर थोराबाई, डोक्यावर दिवा, बुटांना खिळ्यांचे पट्टे. झाडांच्या ओळीपासून त्यांनी साठ फूट बाहेर नवी वाट आखली होती. मार्चच्या उन्हात काळपट झाडं तापतात आणि बुंध्याभोवती बर्फात वाटीएवढे खड्डे पाडतात. सवयीने सगळे झाडांना चिकटून चालवतात आणि मार्चमध्ये हीच सवय महागात पडते. आधल्या संध्याकाळी त्यांनी नव्या वाटेसाठी आणखी नऊ भोकं पाडून मापं घेतली होती. ती थेट वाटेवर नाही, वीस पावलं बाजूला, म्हणजे ओझ्याखाली भोकातून पाणी वर येणार नाही.

नियम दोन होते. वेग माणसाच्या चालीचा. आणि थांबायचं नाही. उभ्या ओझ्याखाली बर्फ सावकाश वाकत जातो, एकदा वाकला की पाणी वर येतं.

बेटाच्या बाजूला पन्नासेक लोक उभे होते. आवाज दुरूनच यायला लागला: इंजिनाची घरघर आणि मधूनच बर्फाचा लांबलचक कण्हण्यासारखा सूर. तो आवाज कडक बर्फाचा असतो, चांगला असतो. न ओरडणाऱ्या बर्फाला इथली माणसं भितात. रेनीच्या धाकट्या मुलीला हे ठाऊक होतं, तरी तिने आईचा हात दोन्ही हातांनी धरला होता.

अर्ध्या वाटेवर थोराबाईंच्या डाव्या बुटाचा खिळ्यांचा पट्टा सुटला. तो मागे बर्फावर राहिलेला लायलला दिव्यात दिसला.

"डॉक! पट्टा!"

"दिसतंय मला. चालू दे."

वाकायला थांबल्या असत्या तर अठरा टनांचं ओझं मागे थांबलं असतं. त्या एका पायाने घट्ट आणि एका पायाने घसरत चालत राहिल्या. पुढचा मैलभर त्यांची चाल तिरकी झाली आणि लायलने स्टिअरिंग न हलवता गाडी तशीच ठेवली. टोकापाशी, सव्वीस इंचांवर, बर्फ एकदा ठणकन वाजला आणि ट्रकच्या उजव्या बाजूने एक पांढरी रेघ पळत गेली. लायलचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. तीन पिढ्यांची सवय त्या पायात होती. पुढे दिवा लावलेलं एक म्हातारं माणूस होतं, त्याच चालीने जाणारं. पाय तसाच राहिला.

सात वाजून सोळा मिनिटांनी घराची पुढची चाकं बेटाच्या खडीवर चढली. स्वयंपाकघराच्या खिडकीला लावलेला कारखान्याचा कागद वाऱ्याने फडफडत होता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवायची इथली पद्धत नाही. गॉर्डनने थर्मासमधली कॉफी टोपणात ओतून थोराबाईंना दिली. रेनी घराला एक फेरी मारून आली, प्रत्येक खिडकी हाताने चाचपून पाहिली, मग थोराबाईंसमोर उभी राहिली.

"तुमचं खरं ठरलं, डॉक."

"एकदा घर आलं म्हणून पंच्याऐंशी खरे ठरत नाहीत. शंभर घरं आणून पाहायला हवीत."

"शंभर घरं!" गॉर्डन म्हणाला. "बेटावर तेवढी कुटुंबं नाहीत."

लायल ट्रकमधून उतरला, त्याने कोणाच्या तरी गाडीने मागे जाऊन बर्फावरून तो पट्टा उचलून आणला आणि थोराबाईंच्या पायाशी बसून बुटाला चढवला. बकल घट्ट करत म्हणाला, "तीस मैलांनी निघालो असतो तर?"

"साठ टक्के. सांगितलं होतं."

"म्हणजे आलंही असतं."

"आलंही असतं," थोराबाई म्हणाल्या. "आणि मग तू पुढच्या वर्षीही तसाच गेला असतास."

लायलने दुसऱ्या बुटाचं बकलही तपासून पाहिलं. त्या दुपारी दुकानातल्या फळ्याखाली कोणीतरी मासे धुण्याची परात टांगून ठेवली, आत प्लास्टिकचा कागद आणि चमचा. तीत पाणी मात्र नव्हतं. संध्याकाळपर्यंत लायलने ती भरून तीन ट्रकवाल्यांना लाट दाखवली. तिघांच्याही बाह्या भिजल्या.

साप्ताहिकाच्या पुढच्या अंकासाठी थोराबाईंनी दुपारीच मजकूर पाठवला. घराबद्दल एकच ओळ आहे: 'पंच्याऐंशी टक्के, घडलं.' खाली लाटांचं विज्ञान दीडशे शब्दांत. शेवटी नवं भाकीत: रेनी दुफोच्या घराची वीज मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जोडली जाईल, सत्तर टक्के. ग्रंथपालाने त्याला चारशे तेरावा क्रमांक दिला.

संध्याकाळी सहा वाजता अवजड गाड्यांसाठी रस्ता बंद झाल्याची पाटी दोन्ही किनाऱ्यांवर लागली. शाळेची बसही त्यात आली. उद्या शुक्रवारी थोराबाई पहिलं भोक तीन चाळीसला पाडतील, आकडे सात वाजता फळ्यावर येतील, आणि सात वाजून पाच मिनिटांनी गॉर्डनची पंख्याची होडी शाळेची सात मुलं घेऊन निघेल.